भट्टीकाकांचा एक कप्पा

माझे काका बेकरीत भट्टी सांभाळतात, म्हणून सगळी आळी त्यांना भट्टीकाका म्हणते. जग साखरझोपेत असतं तेव्हा ते कामावर निघतात आणि जग जेवायला बसतं तेव्हा भुवयांवर पीठ घेऊन घरी येतात. हातपाय धुतात, आतल्या खोलीत रेकॉर्ड लावतात, आरामखुर्चीत पाय पसरतात आणि शास्त्रीय संगीतात बुडतात. बुडतात म्हणजे पार तळाला जातात. तोंड उघडं, चष्मा पोटावर.

त्या खोलीची एक भिंत रेकॉर्डींनी भरलेली. सगळ्या जुन्या बाजारातून एकेक करून आणलेल्या. निवडायची रीतही पावाचं फुगलेलं पीठ दाबून बघण्यावरूनच आलेली. "सुराला बोट लावून बघायचं," ते सांगायचे. "दाबला आणि हळूच वर आला, तर घ्यायचा. दबूनच राहिला, तर दुकानदाराला लांबून नमस्कार." सुराला बोट कुठे लावायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग ताईची, म्हणजे त्यांच्या मुलीची, इकडे बदली झाली. ती, भावजी आणि त्यांचं रांगतं बाळ त्या खोलीत राहणार होतं. काकूने फर्मान काढलं, "एक कप्पा तुमचा. बाकीच्या वाचनालयाला. बाळ काही रेकॉर्डी चघळून मोठं व्हायचं नाही."

काकांचा चेहरा विझला. "चुकून एखादी चांगली गेली म्हणजे? परत कुठून आणू?" ते मला म्हणाले. "एकेक ऐकूनच ठरवतो. तू बस जोडीला."

काकू शिंप्याकडे कोट पोचवायला गेली होती. तिथल्या कोटांना बटणं लावायचं काम ती घरी आणते. काकांनी बासरीची रेकॉर्ड लावली, "वा!" म्हणाले आणि गेले तळाला. बाजू संपली, खोली गप्प झाली, तसे दचकून उठले. "ही राहू दे. फार शांत वाटलं." दुसरीही राहिली, तिसरीही. वाचनालयाचा ढीग काही सुरूच होईना. मी म्हटलं, उभं राहून ऐका. तर चौकटीला टेकून घोड्यासारखे उभ्याउभ्या झोपले.

"काका," मी विचारलं, "या रेकॉर्डींची दुसरी बाजू कशी आहे?"

"छान असणार."

"असणार?"

ते विचारात पडले. "अरे, पण रोज उठतो तेव्हा रेकॉर्ड उलटलेली असते. आपोआप उलटते की काय?"

"मी उलटते," दारातून काकू म्हणाली. खांद्यावर कोटांचं नवं गाठोडं होतं. "आवाज थांबला की तुम्ही दचकून उठता, मग संध्याकाळभर चिडचिड. म्हणून उलटते आणि बसते इथेच बटणं लावत."

"म्हणजे तू ऐकतेस?"

"मग कान काय स्वयंपाकघरात ठेवून येऊ?" तिने एक रेकॉर्ड उचलली. "ही द्या खुशाल. बाईंना नुसती घाई, जणू घरी दूध उतू चाललंय."

"अगं, पहिल्या बाजूला किती निवांत गाते ती!"

"मी कुठे ऐकलीय पहिली? तेव्हा मी भांडी घासत असते."

इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी प्रत्येक रेकॉर्ड अर्धी अर्धी ऐकली होती. एकट्याने निवडायचा हक्क दोघांनाही नव्हता. मग ठरलं, काकूने पहिली ऐकायची, काकांनी दुसरी. काका जागे राहावेत म्हणून त्यांच्या मांडीवर कोट, हातात सुईदोरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हायोलिन लागलं. पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं. काकू आरामखुर्चीत बसली आणि पहिल्या दोन सुरांतच तिची मान कलली. काकांचा चहा करायला तीही अंधारातच उठते, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. काका तिच्याकडे बघत राहिले. सुई बोटात तशीच. बाजू संपायला आली तसे चवड्यांवर चालत गेले आणि खोली गप्प व्हायच्या आत रेकॉर्ड उलटली.

दुसऱ्या बाजूचं व्हायोलिन सुरू झालं. कुणीतरी लांबच्या खोलीत हलक्या पावलांनी फिरावं तसं.

"कशी आहे?" मी कुजबुजलो.

त्यांनी बोटाने हवा दाबली, बोट तसंच धरलं, मग सावकाश उचललं. "हळूच वर येते," ते म्हणाले आणि ती रेकॉर्ड स्वतःच्या हाताने कप्प्यात पहिली ठेवली.

ताई येईपर्यंत अशाच दुपारी कप्पा भरला. काकूला पहिल्या बाजूला गाढ झोप लागली आणि दुसऱ्या बाजूने काकांना जागं ठेवलं, अशा रेकॉर्डी तेवढ्या घरी राहिल्या. बाकीच्या वाचनालयात पोचवताना काकांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्यांनी लावलेली बटणं मात्र काकूने सगळी उसवून पुन्हा लावली.