फ्लॉपीत न पोचलेली नावं

जव्हारच्या एका कार्यालयात मी कारकून होतो. अख्ख्या इमारतीत कॉम्प्युटर येणारा मी एकटाच, त्यामुळे मला शिंगं फुटली होती. पावसाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर शहरातल्या डॉक्टरांचं शिबिर झालं आणि ज्या पोरांच्या हृदयात दोष वाटला, त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या. नावं फ्लॉपीवर घालून ठाण्याला जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवायची, मग पोरांना मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी येणार. हार्डडिस्कवर काही ठेवायचं नाही, हा साहेबांचा हुकूम. आणि एकच नाव दोनदा जाऊ नये म्हणून टाईप झालेली चिठ्ठी फाडायची, ही माझी शिस्त.

बाजाराला आलेली एका मुलीची आई टेबलाशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, माझे पोरीचा नाव घातला का? दाखव."

मला रागच आला. तरी फाईल बंद केली, पुन्हा उघडली आणि नावावर बोट ठेवलं. "हे बघा ताई. पोचलं फ्लॉपीत. आता काळजी सोडा."

तिला वाचता येत नव्हतं. तिच्यादेखत मी चिठ्ठी फाडली.

दिवाळीनंतर ठाण्याहून फोन आला. "अहो, फ्लॉपीत काहीच नाही. बुरशी आलीये तिला."

"असं कसं? मी स्वतः उघडून बघितलं होतं!"

"बाहेर काढून, दुसऱ्या मशीनमध्ये घालून बघितलं?"

"नाही."

"मग मशीनने तुम्हाला स्वतःच्या आठवणीतलं दाखवलं. फ्लॉपीवर ते उतरलंच नव्हतं."

जव्हारच्या पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, कपाटातल्या फायलींना येते. फ्लॉपीला येईल, एवढंही मला शहाण्याला सुचलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मोखाडा गाठला, पुढे त्या मुलीच्या पाड्यापर्यंत पायी. भात झोडून झाला होता. निम्म्याहून जास्त घरांची दारं बंद. त्या बाईच्या शेजारचा म्हातारा तेवढा अंगणात बसला होता.

"ती गेली विटांचे भट्टीवर. पोरीला घेऊन गेली."

"कुठल्या भट्टीवर?"

"ता कोणाला ठावा? मुकादम नेल तिथं."

"आणखी कोणाच्या पोरांना चिठ्ठ्या मिळाल्या होत्या, बाबा?"

त्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्या मुलीचं नाव मला पाठ होतं. बाकीची नावंही मीच टाईप केली होती, पण तिथे उभं राहून त्यातलं एकही आठवेना.