रुंदी नसलेला बांध

माझ्या काकांना वाद घालायला फार आवडतं. त्यात पुतणी सांगलीच्या शाळेत गणित शिकवते म्हटल्यावर त्यांना चेवच येतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी गेले होते, तेव्हा जेवताना त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बोट दाखवलं.

"ही रेषा हाय का न्हाई, बाई?"

"नाही. दोरीला जाडी आहे. रेषेला फक्त लांबी असते."

"मग फळ्यावर काढतीस ती?"

"तीही नाही. तो खडूचा चुरा."

"म्हंजे जी न्हाईच, ती पोरांना शिकवून पगार घेता व्हय?"

सगळे हसलो. मग त्यांनी पुढचं विचारलं. आपल्या दोन रानांमधली हद्द, ती तरी रेषाच की? हद्द रेषाच, मी म्हटलं. हसत हसत म्हटलं आणि भाकरी मोडली.

पंधरवड्यात त्यांनी नांगरट काढली आणि बांध कोरला. आमच्याकडे हे दरवर्षी चालतं. ट्रॅक्टरचा फाळ थोडा आत घालायचा, वीतभर माती आपल्यात ओढायची आणि ड्रायव्हरवर ढकलायचं. पण यंदा काकांना ड्रायव्हरची गरज पडली नाही. कुणी विचारलं की सांगायचे, "पुतणीच म्हणती, हद्दीला रुंदी नसती. ती गणिताची बाई हाय."

वडील गेल्यापासून शेत आईच बघते. म्हशीची वैरण ती डोक्यावरून त्याच बांधानं आणते, कारण रस्त्यापर्यंत दुसरी वाट नाही. आमच्या बाजूला उसाचा खोडवा उभा, त्यातून गेलं की पाती हात चिरतात. पावसात त्या उरलेल्या चिंचोळ्या बांधावरून ती भाऱ्यासकट घसरली. मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं. एक्स-रे हातात धरून मी बाकावर बसले होते आणि संतापानं माझे कान तापले होते. माझं वाक्य घेऊन त्यांनी माझ्याच आईला पाडलं होतं.

ती चालायला लागल्यावर एका रविवारी मी गावी गेले ती तडक रानात. आई मागून आलीच. काका त्यांच्या शेडपाशी चहा पीत होते.

"काका, रेषेला टोक नसतं," मी ओरडलेच. "ती दोन्हीकडं पुढं जाते. मग तुमची हद्द तुमच्या शेडमधनं, विहिरीतनं जाऊ दे की!"

त्यांना राग आला नाही. उलट चेहरा खुलला. मी येणार म्हणून नातवाचं भूमितीचं पुस्तक चाळून बसले होते.

"मग त्यो रेषाखंड म्हण की! त्याला टोकं असत्यात. पर रुंदी त्यालाबी न्हाई."

बरोबर होतं. हेच मला सहन होईना. त्या माणसाला खेळ हवा होता आणि मी तावातावानं खेळत होते. शेवटी मी खोरं उचललं आणि आमच्याच बाजूची माती ओढून बांधावर टाकायला लागले. निदान आईला चालता तरी येईल.

आईनं माझ्या हातातलं खोरं काढून घेतलं.

"आपल्यातली न्हाई घालायची."

ती लंगडत बांध ओलांडून काकांच्या रानात उतरली. तिथल्या ओल्या मातीत खोरं मारलं आणि ढेकूळ बांधावर टाकलं. मग दुसरं. काका कप घेऊन उठले.

"आवं वैनी, हद्द म्हंजे रेषा असती. ही काय रेषा हाय व्हय?"

"न्हाई," आई मान वर न करता म्हणाली. "ही माझी वाट हाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी आईनं टाकलेली माती पायानं दाबत राहिले, तिची दोन्ही पावलं शेजारी शेजारी मावतील एवढी रुंद.