पालखी भाड्याच्या खोलीपाशी थांबली

सुलभा धनावडे हिच्यावर अन्याय झाला. होळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, दुपारच्या पाळीत, रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात. हे आधीच लिहून ठेवते, कारण देवाचा अनुभव सांगायला बसलं की माणसावर झालेला अन्याय मागे पडतो, आणि तो मला मागे पडू द्यायचा नाही. त्या पाळीला दोघी सिस्टर होत्या, सुलभा आणि रुखसार. मध्येच ऑफिसातून फोन आला आणि रुखसारला डायलिसिसला पाठवून दिलं. तोंडी हुकूम, कागद नाही. सगळा वॉर्ड सुलभाच्या एकटीच्या अंगावर. एका टोकाला ती एका पेशंटच्या घशातला कफ मशीनने काढत होती, तो सोडून हलता येत नाही, आणि दुसऱ्या टोकाला एक आजोबा लघवीला म्हणून कॉटवरून उतरायला गेले. त्या कॉटचा कठडा बँडेजने बांधलेला होता, कारण त्याची कडी कधीच तुटली होती आणि ती बदला म्हणून सगळ्या सांगून थकल्या होत्या. आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या मुलाने सर्वांदेखत सुलभाच्या थोबाडीत मारली. आणि हॉस्पिटलने काय केलं? मुलाला पाणी दिलं, सुलभाला घरी बसवलं.

मी परिचारिकांच्या संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, नाक्यावर माइक धरून बोलते. देवाशी माझं भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. माझ्या मते देव हा हक्क मागायला घाबरणाऱ्यांचा आडोसा होता. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी सुलभाच्या मिरजोळ्यातल्या खोलीवर गेले ती लढाईच्या तयारीने. तिथे एका घराच्या मागच्या पडवीला ओळीने भाड्याच्या खोल्या आहेत, सगळ्या सिस्टरच राहतात. सुलभा चटईवर बसली होती, गालावर बोटं अजून उमटलेली. मी चौकशी, हजर साक्षीदार, तुटलेला कठडा असं सगळं बोलत सुटले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू म्हणतेस ते खरं असेल गो. पण माझंच चुकलं. त्या दिवशी गावाला आमच्या घरी शिमग्याची, गावदेवीची पालखी यायची होती. मी गेले नाही. देवीची ओटी राहिली. त्याचंच हे."

माझा जीव जळला. तिचं गाव संगमेश्वराकडे, बसने जाऊन येण्यासारखं. मुंबईचे चाकरमानी शिमग्याला गाड्या भरभरून येतात आणि शेजारच्या तालुक्यातली पोरगी आपल्या दारातल्या पालखीला जाऊ शकत नाही, कारण वॉर्डात माणूस नाही! मी म्हटलं, "सुलभा, रजा देवीने नाकारली का व्यवस्थापकांनी?" त्यावर तिने पुढचं सांगितलं. सोमवारी सकाळी चौकशी होती. व्यवस्थापकांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं की 'माझ्या दुर्लक्षामुळे झालं' असं लिहून दे आणि राजीनामा दे, म्हणजे आम्ही तुझ्या नर्सिंगच्या नोंदणीपर्यंत प्रकरण नेत नाही. आणि ती सही करणार होती. भीतीने नव्हे, मनापासून. देवीने दिलेली शिक्षा मुकाट घ्यायची, असं तिने ठरवलं होतं.

ती सही झाली असती तर सुलभा कुठल्याही वॉर्डात पुन्हा मान वर करून उभी राहिली नसती. तिच्या पगारावर गावाकडचं घर चालतं, हे तर आहेच. पण मला दिसत होतं ते असं की आयुष्यभर ती स्वतःला त्या आजोबांची गुन्हेगार समजत राहणार. ते थांबवायचं तर एकच गोष्ट हवी होती. आपल्याला फोन करून वॉर्डातून काढून नेलं, हे रुखसारने सांगायला हवं होतं.

रुखसार मूळची जयगडची, राहते त्याच पडवीतल्या एका खोलीत. तिचे वडील मच्छीमार, भाऊ आखातात. ती करारावर, आणि करार संपत आलेला. मी तिच्यामागे लागले. पाळीला जाताना गाठलं, पाळीवरून येताना गाठलं. शेवटी ती उखडली. "ताई, तुमची पत्रकं वाचून आमचं पोट भरत नाय. तुम्ही बोलून निघून जाता, आम्ही ड्यूटीवर असतो. माझा करार तुमची संघटना वाढवणार काय?" बाकीच्या सिस्टर तर मी आले की दारं लावून घ्यायच्या. जितकं मी मोठ्याने बोलत होते तितक्या त्या गप्प होत होत्या. शनिवार गेला. मला झोप लागेना, अन्न गोड लागेना. सोमवार म्हणजे अंगावर येणारी गाडी वाटत होती आणि माझ्याजवळ फक्त शब्द होते. तेही निरुपयोगी ठरलेले.

रविवारी दुपारी मी पुन्हा मिरजोळ्याला गेले. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पोचले तर ढोल वाजत होते, पालखी त्या वाडीत आली होती. घरमालकीण काकूंनी अंगणात सडा-रांगोळी केली होती, पाट मांडला होता. भाडेकरू सिस्टर पडवीच्या टोकाला उभ्या होत्या, काहीजणी दुपारच्या पाळीच्या गणवेशातच. सुलभा सगळ्यांच्या मागे. काकूंनी तिला हाक मारली, "ये गो, ओटी भर." ती मान हलवून म्हणाली, "नको काकू. पालखी तुमच्या गावची, मान तुमचा. मी भाड्याची माणूस. आणि आपल्या देवीची राहिली ती राहिली, दुसऱ्या देवीपुढे कुठल्या तोंडाने जाऊ?" आमच्याकडे हे असंच असतं. ज्याचा त्याचा गावदेव, ज्याचा त्याचा मान. ती चुकीचं बोलत नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

ओटी भरून झाली. आता गाऱ्हाणं घालायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे घरातलं दुखणं-भांडण, लग्न-नोकरी सगळं देवापुढे मोठ्या आवाजात मांडतात. मांडतो एक माणूस, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे होकार देतात. गाऱ्हाणं घालणारे मानकरी पुढे आले, त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. घरोघरी ओरडून घसा पार बसला होता. पोरं हसली, "काकांचा स्पीकर गेला!" मानकरी हाताने खुणा करू लागले. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे सरकले, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. मानकऱ्यांनी त्यांना नारळ दिला. त्यांनी घरवाल्यांचं गाऱ्हाणं नीट घातलं आणि मग थांबले. पडवीच्या टोकाकडे बघून त्यांनी पुन्हा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरात एक लेकरू भाड्यान राहतंय. त्याचा गाव लांब, त्याचा देव लांब."

"व्हय म्हाराजा!"

"यंदा त्याला आपल्या पालखीला जायला गावलं नाय. का, तर ते कुणाच्या तरी बापाचं हागणं-मुतणं काढीत होतं. ती त्याची सेवा तूच त्याच्या देवीपाशी पोचती कर, आणि त्याची ओटी भरून पावली असं तिला सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्यावर जो काय आळ आलाय तो दूर कर. आणि ज्यांनी खरं बघितलंय त्यांच्या तोंडाला कुलूप असेल तर ते काढ रे म्हाराजा!"

या तिसऱ्या वेळी माझ्या पाठीमागून बायकांचे आवाज आले. पडवीतल्या सिस्टर होत्या. माझ्यासमोर दारं लावून घेणाऱ्या त्याच. सगळ्या एका आवाजात बोलल्या. माझ्याही तोंडून तो होकार निघाला. सुलभा खाली बसून रडत होती. गालावर थप्पड बसल्यापासून पहिल्यांदाच रडत होती. रुखसार ओढणी डोक्यावरून घेऊन भिंतीशी उभी होती. तिने मात्र होकार दिला नव्हता.

पालखी पुढे गेली. मी त्या म्हाताऱ्यांना वाटेत गाठलं, विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? ते म्हणाले, "सांगायचं काय त्यात? माझा भाऊ त्याच वॉर्डात होता. ही पोरगी एकटी धावत असायची ते मी स्टुलावर बसून बघत होतो. घरधनीण म्हणाली तिला घरी बसवलंय, तिची गावची ओटीही राहिली. मग म्हटलं, आपण बघितलंय ते देवाला सांगावं." एवढं बोलून ते पालखीबरोबर निघून गेले. सुलभाला त्यांचा चेहरा आठवला नाही. इतकी माणसं येतात, तिने तरी किती लक्षात ठेवायची. नेमका त्याच अंगणात मानकऱ्यांचा घसा का बसावा, याचा मी वाद घालत नाही. घडलं तसं लिहिते.

सोमवारी सकाळी सुलभा ऑफिसात जाताना मला एवढंच म्हणाली, "ओटी पोचली. आता मी खोटं कशाला लिहू?" मला आत घेतलं नाही. बाहेरच्या बाकावर मी बसले. हातात पत्रकांचा गठ्ठा होता, तो मी बाजूला ठेवला. आत एकटी सुलभा आणि समोर तीन साहेब. ती नाही म्हणेल, पण तिचं ऐकणार कोण? आयुष्यात पहिल्यांदा मी डोळे मिटून म्हटलं, माझ्याच्याने होत नाही, तू बघ. त्यात कसलीही शांती वाटली नाही, हे खरं सांगते. घामच आला.

डोळे उघडले तर रात्रपाळी संपवून आलेल्या सिस्टर समोर उभ्या होत्या, डोळे तांबारलेले, पर्सा खांद्याला. घरी गेल्या नव्हत्या. मी विचारलं, "कुणी बोलावलं?" एक म्हणाली, "कुणी कशाला बोलवायला हवं? काल देवासमोर होय म्हटलं, आज साहेबासमोर नाय म्हणू?" आणि त्यांच्यातून वाट काढत रुखसार आली. माझ्याकडे बघून फणकारली, "आमच्यात तसं बोलत नाहीत, म्हणून मी काल गप्प होते. पण ते बाबा कुलूप म्हणाले तेव्हा सगळ्या माझ्याकडेच काय बघत होत्या? मलाच कुलूप आहे काय?" दार न ठोठावता ती आत गेली. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. फोन कुणी केला, काय म्हणून केला, कठड्याला बँडेज कुणी बांधलं, सगळं. तिच्यामागोमाग बाकीच्याही आत शिरल्या. मला कुणी बोलावलं नाही, आणि माझी गरजही नव्हती.

सुलभा पुन्हा कामावर आहे. आळ मागे घेतला, माफी मागितली नाही. मारणाऱ्या मुलाचं काहीच झालं नाही. मी अजून पत्रकं लिहिते, पण आता आधी पडवीत बसून ऐकते. त्या दिवसानंतर इतकंच शिकले की आवाज आपण कुणाला देत नसतो. तो त्यांच्यात असतोच, आणि तो कधी, कुणाच्या तोंडून फुटायचा हे आपल्या हातात नसतं. आपण वाट अडवून उभं राहू नये. देवाचे उपकार मी मान्य करते, मोठ्याने मान्य करते.

पण माझी काळजी संपलेली नाही. रुखसारचा करार वाढवायचा की नाही, हे हॉस्पिटलने अजून सांगितलेलं नाही. तिला विचारलं की म्हणते, बघू. दुपारच्या पाळीला त्या वॉर्डात आजही कधी कधी एकटीच सिस्टर असते.

म्हणून तुमच्याकडे मागते. तुमचं माणूस आज कुठल्या तरी कॉटवर असेल, नाहीतर उद्या असेल. वॉर्डात जा आणि विचारा, या पाळीला सिस्टर किती? एकटी आहे असं कळलं तर तिच्यावर ओरडू नका. जिना उतरा, व्यवस्थापकाच्या खोलीत जा आणि दुसरी सिस्टर मागा. ती येईपर्यंत तिथून उठू नका.