आत कुणी आहे का?

कापसाचा भाव पडला त्या वर्षी तो प्रोग्रामर पुण्याहून अमरावतीला, आमच्या कचेरीच्या संगणक कक्षात आला. शेतकऱ्यांच्या मदतीचे अर्ज घेणाऱ्या सर्व्हरचा एकेक भाग, बाकीचे न थांबवता, बंद-सुरू करता यावा म्हणून त्याने कमांड तयार केल्या होत्या. प्रत्येक कमांडआधी तो पेटी वाजवणाऱ्यासारखी बोटं मोडायचा आणि एंटर दाबून खुर्ची मागे लोटायचा.

काम तपासून घ्यायच्या दिवशी, बाहेर रांग लागलेली असताना, त्याने अर्जांचा भाग बंद करून दाखवला. खिडकीशी धामणगावची एक बाई होती. तिचा अर्धा भरलेला अर्ज पुसला गेला.

"सकायपासून उभी आहो मी. कावून बंद केलं?"

"बंद कुठे, मावशी? स्टेटस बघा, सर्व्हर ओके आहे."

बाईने खरंच वाकून पाहिलं. "ओके हाये, तं माहा अर्ज कुठी गेला?"

आमचा शिपाईसुद्धा कुलूप लावण्याआधी खोलीत डोकावतो. याच्या कमांडला तेवढीही अक्कल नव्हती. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं, "ते तुमच्या रिक्वायरमेंटच्या यादीत नव्हतं."

संध्याकाळी त्याच्या काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर 'काम समाधानकारक' असं टाइप मीच केलं. बाई तेव्हा खिडकीशी आपलं नाव पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.