सारवलेल्या भिंतीवरचे सतरा ठिपके

१९६१ साली, होळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास तलासरीच्या एका पाड्यावर आमच्या डॉक्टरीणबाईंना खोटं ठरवण्यात आलं. ठरवणारे तिघे जीपमधून आले होते. आणि त्या दिवशी घडलं त्यात एक चूक माझी होती. पत्रकांत मी आजवर फक्त जीपवाल्यांबद्दल लिहीत आले. इथे दोन्ही लिहिते.

बाई कराचीच्या. फाळणीत बोटीने मुंबईला उतरल्या. कल्याणच्या निर्वासित छावणीत नवरा गेला, तेव्हा आंधळी सासू, लहान मुलगी आणि चामड्याची एक बॅग घेऊन डहाणूच्या धर्मादाय दवाखान्यात नोकरीला आल्या. कराचीत शेजार मराठी माणसांचा, म्हणून मराठी यायचं. माया आली की मात्र समोरच्याला 'पुट' म्हणायच्या, म्हणजे बाळ. मग समोर साठ वर्षांचा खलाशी का असेना.

रोज सकाळी सासूला स्वतः अंघोळ घालायच्या, तिची वेणी घालायच्या आणि मगच दवाखाना उघडायच्या. दवाखाना चालवणाऱ्या कमिटीने एकदा उशिराचा जाब विचारला. बाई म्हणाल्या, "त्याही माझ्या पेशंटच आहेत. पहिला नंबर त्यांचा."

डहाणूतली शहाणी माणसं पाठीमागे त्यांना 'ती सिंधीण' म्हणायची. पोर तापाने फणफणलं की मात्र त्याच सिंधिणीचं दार वाजवायची. माझी आई वरोरहून बोंबील घेऊन डहाणू रोडच्या बाजाराला बसायची. माशाचा काटा घुसून तिचा हात खांद्यापर्यंत सुजला होता. तो हात आज शाबूत आहे तो बाईंमुळे. म्हणून मी त्यांच्यामागे हिंडायला लागले, आणि पाड्यांवर जाऊन काय चाललंय ते पाहिल्यावर पत्रकं लिहायला लागले.

सोमवारी आणि गुरुवारी बाई तलासरीला जायच्या. एस.टी.ने नाक्यापर्यंत, पुढे पायी. पाड्यांवर क्षय होता, आणि क्षयाच्या सुया आठवड्यातून दोनदा, महिनोन्महिने घ्याव्या लागतात. कुणाला किती झाल्या ते लिहून ठेवायला हवं. पहिल्यांदा बाईंनी वही काढली तेव्हा समोरची माणसं उठून मागच्या दाराने रानात गेली. का जाणार नाहीत? त्यांच्या बापांनी, आज्यांनी लग्नाच्या कर्जासाठी कुठल्या तरी कागदावर अंगठे दिले होते आणि त्या कागदापायी लग्नापासून मरणापर्यंत शेठच्या वाडीत राबले होते. नाव लिहिलेला कागद घरात आला की माणूस बांधला जातो, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

बाईंनी वही बॅगेत टाकली ती कायमची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका चित्रं काढतात, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, एक सुई झाली की दाराशेजारी एक ठिपका, आणि तो घरच्या बाईनेच द्यायचा. झालं. घराघरातून ठिपक्यांच्या ओळी वाढायला लागल्या. बाई आत शिरताना ओळ मोजायच्या आणि सुई उकळायला ठेवायच्या. एकही माणूस परत रानात पळाला नाही.

मग बाई कमिटीतल्या एका शेठकडे गेल्या. चिकूची वाडी त्याची, गवताचा धंदाही त्याचाच. रक्त थुंकणारी चार माणसं तुमच्याकडे गवताच्या गासड्या दाबतायत, त्यांना त्या धुळीतून काढा, एवढंच सांगितलं. शेठने सरबत पाजलं. आठ दिवसांनी कमिटीचं पत्र आलं: दवाखान्यातून नेलेल्या सुया नक्की कुणाला दिल्या, त्याचं रजिस्टर दाखवा. पाड्यांवर पेशंट नाहीतच, सुया बाहेर विकल्या जातात, असा संशय आहे.

बाईंनी उत्तर दिलं, रजिस्टर भिंतींवर आहे, येऊन बघा.

कमिटीने सोमवार ठरवला. तो निरोप पाड्यावर द्यायला शनिवारी मी गेले. आता माझी चूक. एका घरी एक म्हातारी होती, सगळे तिला डोकरी म्हणायचे. तिच्या मुलाला सतरा सुया झाल्या होत्या, रक्त थांबलं होतं, भूक लागायला लागली होती. सगळ्यात सरळ ओळ तिच्याच भिंतीवर. मी तिला आणि जमलेल्या बायकांना तावातावाने सांगितलं, सोमवारी मोठे साहेब येणार आहेत, तुमच्या भिंती बघायला. ते भिंतींवर काय बघणार, हे सांगायचं मला सुचलंच नाही. इतकं उघड होतं मला. पाठ केलेल्या भाषणासारखं बोलले आणि परतीची एस.टी. पकडली.

सोमवारी जीप थांबली, शेठ आणि कमिटीतले दुसरे दोघे उतरले; पाठोपाठ बाई आणि मी पोचलो. पाडा नव्यासारखा दिसत होता. प्रत्येक घराची भिंत रविवारभर शेणाने सारवून, वरून गेरू फिरवून लखलखीत केलेली. एक ठिपका नाही.

मी डोकरीला विचारलं, ठिपके कुठे गेले? ती मात्र खुशीत होती. "साहेब येवाचा होता ना बाय. मंग भीत मळकी कशी ठेवाची?"

शेठने भिंतीला बोट लावलं, लाल झालेलं बोट बाईंना दाखवलं. "डॉक्टरबेन, तुमचा रजिस्टर तर अजून ओला हाय." बाकीचे दोघे हसले.

डोकरीला तेव्हा उमगलं. ती आत गेली, वाटीत पीठ कालवून आणलं आणि ओल्या भिंतीवर एकेक ठिपका द्यायला लागली. मी मनात मोजत होते. सतरा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. शेठ म्हणाला, आमच्या डोळ्यांदेखत खोटा पुरावा करतात, हे लिहून घ्या. आणि लिहून घेतलं. तिचा मुलगा कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही. त्याला शेठच्याच मुकादमाने त्या दिवशी लांबच्या गोदामावर पाठवलं होतं.

बाई भिंतीवरून हात फिरवून डोकरीला म्हणाल्या, "फार सुंदर सारवलंय, पुट." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात नोकरी गेली, क्वार्टर गेलं. दवाखान्यातून सुया मिळणं बंद झालं. बाईंनी मुलीच्या कानातले विकून थोड्या आणल्या, त्या किती पुरणार? ठिपके तेवीसवर थांबले. पुढच्या भाताच्या लावणीला डोकरीचा मुलगा नव्हता.

आज तीन वर्षांनी बाई डहाणू रोडला स्टेशनमागच्या दोन खोल्यांत राहतात. सकाळी सासूची वेणी, मग ओटीवर पेशंट. कमिटीच्या दप्तरात त्यांच्या नावापुढे अजून 'खोटे पेशंट' लिहिलेलं आहे. त्या शेऱ्यामुळे दुसरा कुठलाही दवाखाना त्यांना दारात उभं करत नाही आणि पाड्यांवर सुया पोचत नाहीत.

पाड्यावरच्या बायांना मी अंगठा द्यायला सांगणार नाही. त्यांचे अंगठे पुष्कळ वापरून झाले. मी तुम्हाला सांगतेय, हे वाचणाऱ्यांना. तुम्हाला लिहिता येतं. डहाणूत, आगरला, वरोरला तुमच्यापैकी किती जणांची पोरं त्या बाईच्या हातून जगली, ते तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्या सोमवारी पाड्यावर तुमच्यातलं कुणी नव्हतं. ठीक, माझ्या चुकीला दुसरा धनी मला शोधायचा नाही. पण तो शेरा खोडू शकते ती कमिटीच, आणि तिची सभा याच महिन्यात आहे. एक कागद घ्या. बाईंनी तुमच्या घरात कुणाला, कशातून बरं केलं, ते लिहा. खाली आपलं पूर्ण नाव घाला, सही करा, आणि तो कागद स्वतःच्या हाताने सभेत शेठसमोर ठेवा.