सात नंबरच्या फ्लास्कमधला लाल

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात भागीरथाबाई झाडायला-पुसायला म्हणून लागल्या. प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुता धुता तोलायला शिकल्या. पुढे जिवाणू वाढवायला लागणारं खाद्य, ज्याला आम्ही माध्यम म्हणतो, ते सगळं त्याच करू लागल्या. शिक्षण नववीपर्यंत. नवरा कवडू जिनिंगमध्ये गाठी उचलून कंबर गेल्यामुळे घरीच असे.

मी लाल रंग तयार करणाऱ्या एका जिवाणूवर संशोधन करत होते. सुती कापड रंगवायला तो वापरता येईल का, हे बघायचं होतं. विकतचं माध्यम महाग, म्हणून सरकीच्या ढेपेचा अर्क घेतला. त्यात काय किती घातलं की रंग जास्त येतो, हे ठरवायला बारा फ्लास्क लावले. अकरांत फिकट गुलाबी आला. सात नंबरमध्ये मात्र डाळिंबासारखा गडद लाल!

पण तो पुन्हा काही येईना. तेच प्रमाण, तेच तापमान. चारदा केलं, चारही वेळा फिकट. ढेप बदलली, पाणी बदललं. दीड महिना गेला.

एका दुपारी भागीरथाबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मयुरीताई, त्या दिवशी सात नंबरात ग्लुकोज नाई पडलं."

"म्हणजे?"

"सहापर्यंत टाकलं, अन् घरून यांचा फोन आला. कंबर धरली म्हणे, उठता येऊन नाई राह्यलं. बोलून परत आली तं आठपासून सुरू केलं."

"आणि हे आत्ता सांगता? काऊन?"

"भेव वाटलं. पंचवीस वर्षांत माह्या तोलण्याले कोणी नाव नाई ठेवलं."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ग्लुकोजशिवायचे फ्लास्क लावायला सांगितले आणि त्या तोलत असताना शेजारी उभी राहिले. एरवी कधी उभी राहत नसे. त्यांना ते कळलं. खाली मान घालून त्यांनी काम पुरं केलं.

दोन दिवसांनी सगळे फ्लास्क गडद लाल झाले. आयती साखर मिळाली की हा जिवाणू वाढतो खूप, पण रंग करायचं टाळतो. पुस्तकात हे मी वाचलं होतं. माझ्या यादीत मात्र ग्लुकोज कायम होतं. ते काढून बघावं असं मला सुचलंच नव्हतं.

शोधनिबंधात मी लिहिलं, 'ग्लुकोज वगळून पाहिले असता रंग वाढला.' भागीरथाबाईंना मराठीत सांगितलं.

"म्हंजे तुमी ठरवून वगळलं?"

मी कागद माझ्याकडे ओढून घेतला.

"मी भेत भेत का होईना, सांगितलं ना? मंग तुमी काऊन लपवून राह्यल्या?"

त्यांच्यासमोरच मी ते वाक्य खोडलं. तयारी करताना एका फ्लास्कमध्ये ग्लुकोज घालायचं राहून गेलं आणि त्यावरून हे लक्षात आलं, असं लिहिलं.

"तुमचं नाव घालू?" मी विचारलं. चुकीपाशी नाव नको म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"घाला," त्या म्हणाल्या. "चूक माहीच होय. अन् सांगितली बी मीनंच."

माझ्या मार्गदर्शक सरांना ते वाक्य रुचलं नाही. "असं कोणी लिहितं का?" म्हणाले. मी बदललं नाही. निबंध तसाच, त्यांच्या नावासकट छापून आला आणि त्यानंतर सहा महिन्यांनी भागीरथाबाई निवृत्त झाल्या.