तेलवाला येईनासा झाला

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका बर्फाळ खेड्यात वर्ना थिबोडो एकटीच राहायची. सरकारी अनुदानात अर्धाअधिक खर्च निघाला, म्हणून तिनं विजेवर घर तापवणारा हीट पंप बसवून घेतला. सगळं घर सारखं उबदार झालं, बिलही उतरलं. पण घर तापवायचं तेल भरायला येणारा डेल्बर्ट येईनासा झाला. तो आला की कॉफी घ्यायचा, तिच्या गुडघ्याची चौकशी करायचा. हिवाळाभर तेवढंच कुणीतरी दारात यायचं.

जानेवारीत त्याचा टँकर शेजारी थांबलेला दिसला, तशी ती कोट न घालताच बाहेर धावली.

"काय वर्नाकाकू, पंप बिघडला की काय?"

"छे रे, छान चाललाय. कॉफी टाकलीय, ये ना."

"आज नको काकू, पुढची गिऱ्हाईकं खोळंबलीत."

उबदार स्वयंपाकघरात तिनं उभ्याउभ्याच आपला कप संपवला.